ट्रॉलीला मडगार्ड कोणत्या मापाचं बसवावं?

हौदा रुंद असला आणि चाकं त्याच्या खाली असली, तर वेगळ्या मडगार्डची गरज नसते. हौद्याचा तळच वरचा चिखल अडवतो, मागे रबरी पट्टा लटकवला की झालं. खरा प्रश्न येतो चाकं बाहेर असलेल्या गाड्यांचा: पाण्याचा टँकर, जनरेटरची ट्रॉली, अरुंद हौद्याचा ट्रेलर. दुकानात टायरचा नंबर सांगून तयार मडगार्ड मिळतं, पण नुसत्या नंबरावर ते घेऊ नये.

९.००-१६ या नंबरात ९ म्हणजे टायरची इंचातली अंदाजे रुंदी आणि १६ म्हणजे रिमचा व्यास. नायलॉन टायरची उंची रुंदीइतकीच धरली तर व्यास १६ + ९ + ९ = ३४ इंच येतो. प्रत्यक्षात तो ३५ च्या आसपास भरतो. ९.००-२० चं गणित ३८ सांगतं, पण टायर ४० इंचांपर्यंत जातो. म्हणून हवा पूर्ण भरा, टायरवर आणि जमिनीवर खडूची एकेक खूण करा, चाक एक फेरा सरळ ढकला आणि खुणेपासून खुणेपर्यंतचं अंतर मोजा. ते २८० सेंमी आलं तर भागिले ३.१४, म्हणजे ८९ सेंमी, ३५ इंच.

हे माप गुळगुळीत टायरवर घेतलं की पुढे फसगत होते. नवीन टायरच्या नक्षीमुळे व्यास सहज इंचभर वाढतो. ट्रकचे जुने किंवा रिमोल्ड (नवी नक्षी चढवलेले) टायर ट्रॉलीला चढवायची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. तेव्हा या रिमवर पुढे जो सर्वांत मोठा टायर बसू शकतो, त्याचं माप धरा.

आता टायर आणि पत्रा यांमधली फट. टँकरला बहुतेकदा पाटे (लीफ स्प्रिंग) नसतात, अॅक्सल थेट चासीला असतो. तिथे मुरमाड रानात ३ इंच पुरतात. काळ्या मातीत मात्र ४ इंचांखाली जाऊ नये. ही माती टायरला दोन-दोन इंच थर धरते, फटीत ठासून बसते आणि वाळली की ब्रेकसारखी चाक घासते. शेवटी पत्रा फाटतो किंवा ब्रॅकेट वाकतं, आणि दोष वेल्डरला दिला जातो.

पाटे असतील तर हिशेब बदलतो. पाट्याच्या मधल्या भागापासून चासीच्या रबर स्टॉपपर्यंतचं अंतर रिकाम्या गाडीवर मोजा. अॅक्सल तेवढा वर येऊ शकतो. त्यात २ इंच मिळवा. अंतर ३ इंच असेल तर फट ५ इंच. काही जण फट कमी ठेवता यावी म्हणून मडगार्ड अॅक्सललाच जोडतात. तसं करू नये. तिथे प्रत्येक खड्ड्याचा दणका थेट पत्र्याला बसतो आणि वेल्डच्या कडेला चीर पडते.

रुंदी टायरपेक्षा अडीच-तीन इंच जास्त हवी. एक चाक बांधावर चढलं की अॅक्सल तिरका होतो आणि त्या चाकाचा माथा चासीकडे झुकतो. म्हणून पाट्यांच्या गाडीत जादा जागेचा मोठा वाटा आतल्या बाजूला द्या. बाहेरची झालर, म्हणजे बाहेरच्या कडेला खाली वळवलेला पत्रा, दोन-तीन इंचांहून खोल नको. नाहीतर पंक्चरच्या वेळी चाक स्टडवरून बाहेर ओढताना टायर तिला अडतो.

९.००-१६ च्या टँकरचं उदाहरण घेऊ. टायरची त्रिज्या साडेसतरा इंच, फट ४, म्हणजे मडगार्डची त्रिज्या साडेएकवीस. अर्धवर्तुळ ६७ ते ६८ इंच भरतं. पुढची कड अॅक्सलच्या ६ इंच वर थांबवली तरी चालते, मग ६१ ते ६२ इंच पुरतात. मागची कड मात्र अॅक्सलच्या मध्यापर्यंत आणा, चिखल मागेच उडतो. ८ बाय ४ फुटी पत्र्यातून १२ इंच रुंदीच्या चार पट्ट्या काही वाया न जाता निघतात. साडेनऊ इंची टायरला १२ इंच अगदी बरोबर. दहा-सव्वादहा इंची ९.००-२० ला मात्र १३ इंच घ्यावेत. पत्रा वाया जातो म्हणून तिथे १२ वर भागवू नका.

पत्रा १६ गेज (१.६ मिमी) चालतो, पण टँकरच्या मडगार्डवर पाय देऊन माणूस झाकणापर्यंत चढतोच. त्यामुळे १४ गेज (२ मिमी) घ्या. अशा एका मडगार्डचं वजन ८ किलोच्या आसपास होतं. दोन्ही कडांना आतून ८ मिमी सळई वेल्ड केली की पत्रा थरथरत नाही. सळईला सलग वेल्ड नको, दर चार इंचांवर इंचभर टाका पुरे. रॉड अडीच मिमीचा वापरा, जाड रॉडने पत्र्याला भोक पडतं.

ब्रॅकेट थेट पातळ पत्र्याला वेल्ड करू नये. चार इंची चौकोनी ३ मिमी पॅच मध्ये घाला, १० मिमी बोल्ट, जुन्या पट्ट्याच्या रबराचा वॉशर आणि नायलॉक (आपोआप न सुटणारा) नट लावा. आधार तीन हवेत: माथ्यावर एक, दोन्ही टोकांजवळ एकेक. अँगल ३५ × ५ चा. डंपिंग ट्रॉलीत हे सगळं चासीला जोडा, हौद्याला नाही. चारचाकी ट्रेलरचं पुढचं मडगार्ड टर्न टेबलखालच्या फिरत्या फ्रेमला जोडायचं असतं. वर हौद्याला जोडलं तर पहिल्याच वळणावर टायर त्यात घुसतो.

बसवताना टायरच्या माथ्यावर आणि दोन्ही बाजूंना फटीच्या जाडीचे लाकडी ठोकळे ठेवा, त्यांवर मडगार्ड टेकवा, ब्रॅकेट चासीला फक्त टॅक करा, म्हणजे वेल्डचा तात्पुरता ठिपका मारा. मग चाचणी. ५,००० लिटरचा टँकर भरला की ५ टन भार आपोआप मिळतो. ट्रॉली असेल तर ती भरून घ्या. मडगार्डच्या आतून माथ्याला आणि आतल्या कडेला ओल्या मातीचे इंचभर उंचीचे गोळे चिकटवा आणि गाडी सावकाश एका बाजूने बांधावरून न्या. गोळा चेपला असेल, त्यावर टायरच्या नक्षीचा ठसा उमटला असेल, तर तिथे इंचभरही जागा उरलेली नाही. ब्रॅकेट वर घ्या, पुन्हा फिरवा. गोळे शाबूत राहिले की मगच पक्कं वेल्ड.

मागचा रबरी पट्टा जमिनीपासून ८ ते १० इंच वर संपवा. त्याहून लांब ठेवला तर गाडी मागे घेताना तो टायरखाली सापडतो आणि मडगार्डची मागची कड ओढून वाकवतो. त्या कडेवर लाल रिफ्लेक्टर जरूर लावा. रात्री मागून येणाऱ्याला गाडीची खरी रुंदी तिथेच कळते. आणि पहिल्या दोन-तीन भरलेल्या खेपांनंतर सगळे नट पुन्हा आवळा. नवा रबर वॉशर दबतो आणि बोल्ट सैल पडतात.