उंट पोहून गेला

आषाढातली दुपार. बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका पडवीत दहावीची मुलगी उतारा सोडवत बसलीय. ‘आठ दिवस सूर्याचं तोंड दिसलं नाही.’ खाली प्रश्न: अलंकार ओळखा. तिने बेधडक लिहिलं, अतिशयोक्ती.

हीच ओळ कणकुंबीत वाचून दाखवा. खानापूर तालुक्यातलं मलप्रभेच्या उगमाचं गाव ते. आषाढात आठ दिवस सूर्य न दिसणं ही तिथे बातमीसुद्धा नाही. कोरड्या अथणीकडे मात्र लोक हसतील. जिल्हा एकच! तेव्हा उतारा कुठल्या गावचा, कुठल्या महिन्यातला, हे आधी बघावं. सूर्याला माणसासारखं तोंड दिलंय ती चेतनागुणोक्ती, पण वापरून इतकी गुळगुळीत झालेली की नजर तिच्यावरून घसरते.

खरी अतिशयोक्ती बघायची तर दमडीच्या तेलाकडे जावं. दमडीचं तेल आणलं, सासूबाईंचं न्हाणं झालं, मामंजींची दाढी झाली. इथवर फक्त भुवई उंचावते. उरलेलं झाकून ठेवलं, म्हणजे उरलंसुद्धा! मग लांडोरीचा पाय लागतो, ओघळ वेशीपर्यंत जातो आणि त्यात उंट पोहून जातो. उंट पहिल्याच ओळीत आणला असता तर गंमत गेली असती. पायऱ्या हव्यात, आणि सांगणाऱ्याचा चेहरा हिशेब वाचल्यासारखा कोरा हवा. ‘जणू उंट पोहून गेला’ म्हणून बघा. त्या एका ‘जणू’ने सगळं उत्प्रेक्षेत गेलं, आणि उंट काठावरच राहिला.

उत्तरपत्रिकेत घोटाळा होतो तो पुढे. ‘तेल खूप होते, म्हणून अतिशयोक्ती,’ असं मुलं लिहितात. तेल दमडीचंच होतं. फुगवलंय ते त्याचं पुरणं, आणि थट्टा आहे चिकटपणाची. काय फुगवलं आणि कशासाठी, हे दोन्ही लिहिलं नाही तर नुसत्या अलंकाराच्या नावाला अर्धा गुणसुद्धा जास्तच.

कन्नडच्या तासालाही हीच नावं भेटतात: उपमा, रूपक, अतिशयोक्ती. ९व्या शतकातला कन्नड ‘कविराजमार्ग’ दंडीच्या संस्कृत ‘काव्यादर्शा’वर बेतलेला, तेव्हा आजोळ एकच. रोजच्या बोलण्यात मात्र प्रमाण बदलतं. मराठी आई ‘शंभरदा सांगितलं’ म्हणते, भिंतीपलीकडची कानडी आई ‘साविर सल’, म्हणजे हजारदा. भिंत ओलांडली की दहापट.

मुलीने अतिशयोक्ती खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. बाहेर पाऊस तसाच. आतून हाक आली, ‘शंभरदा सांगितलं, आधी जेवून घे की गं!’

हाक दुसऱ्यांदाच मारली होती.