दोन बिल्ल्यांची सायकल

परवा सांगलीत पुतण्याने बॅटरीवरची सायकल घेतली आणि विचारलं, "काका, हिचं पासिंग करावं लागतं का?" मोटर २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि तसं प्रमाणपत्र असेल तर आरटीओकडे जावं लागत नाही, असं सांगितलं. पण नंतर दिवसभर दुसरीच सायकल डोळ्यांसमोर होती.

सांगली जिल्ह्यातल्या कृष्णाकाठच्या एका नगरपालिकेत मी १९७९ साली कर विभागात कारकून म्हणून लागलो. तेव्हा साध्या सायकलीलाही दरवर्षी पालिकेचा बिल्ला घ्यावा लागायचा. एप्रिलमध्ये पत्र्याचे नवे बिल्ले यायचे. गेल्या वर्षी गोल असेल तर यंदा तिकोनी, म्हणजे नाक्यावर लांबूनच ओळखू यावा. एप्रिलभर सवलत, मे लागला की धरपकड. सापडलेल्या सायकलीचा व्हॉल्व्ह काढून घ्यायचा आणि ती आणून आवारात लावायची, ही रीत होती.

१९८२ च्या मे महिन्यात एका सकाळी साडेनऊच्या सुमारास खिडकीशी एक दूधवाले मामा आले. पटका, धोतर, अंगावर घाम. सायकल आवारात उभी, आणि कॅरिअरला दोन्ही बाजूंनी लटकवलेले दुधाचे कॅन तसेच.

"बिल्ल्याचं पैसं देतो सायेब, लगी लगी करा. दूध नासंल."

मी छापील अर्ज पुढे ओढला. नाव, सायकलची कंपनी, नंबर, खरेदीची पावती, आणि शेवटी घर क्रमांक व वॉर्ड.

"घर नंबर?"

"घर गावात हाय की. नदीच्या पल्याड."

इथेच सगळं अडलं. हद्दीतला घर क्रमांक असल्याशिवाय रजिस्टरला नोंद होत नव्हती. नोंदीशिवाय बिल्ला नाही आणि बिल्ल्याशिवाय सायकल सुटत नाही. बरं, त्यांच्या सायकलीला बिल्ला नव्हता असंही नाही. हँडलखाली तारेने बांधलेला होता, त्यांच्या ग्रामपंचायतीचा. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने पंचायतींना सायकलींवर कर बसवायचा अधिकार दिला होता आणि १९६५ च्या अधिनियमाने नगरपालिकांना वाहनांवरच्या कराचा. रोज आमच्या रस्त्यांवर येणाऱ्याने आमचाही कर भरावा, हे मी मान्य करतो. पण ज्याच्याकडून कर मागायचा, त्याचा पत्ता लिहायला अर्जात जागाच नाही, हे तीन वर्षं तोच अर्ज भरूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं. याचं मला आजही वाईट वाटतं. माझ्या आधीच्या उन्हाळ्यांत असे किती जण मी परत पाठवले असतील!

वरिष्ठांना विचारलं. ते म्हणाले, "नगरसेवकाचा दाखला आणू दे." मामा उन्हातून चालत गेले. नगरसेवक लग्नाला गेलेले. अकरा वाजून गेल्यावर मामा परत आले आणि माझ्याशी काही न बोलता थेट कॅनपाशी गेले. झाकण उघडून वास घेतला आणि पुन्हा लावलं. ते बघितलं आणि मी खुर्चीवरून उठलो.

"मामा, पंचायतीची पावती आहे का जवळ?"

बंडीच्या आतल्या खिशातून चार घड्या घातलेली पावती निघाली. तिच्यावर सायकलचा नंबर होता, नाव होतं, गावातला घर क्रमांकही होता. आमच्या अर्जाला हवं ते सगळं त्या एका कागदावर होतं. फक्त तो नंबर ह्याच सायकलचा आहे, एवढं ताडायचं राहिलं होतं. चोरीची सायकल नोंदली जाऊ नये म्हणूनच पावती मागायची पद्धत होती आणि ती चुकीची नव्हती.

शिपाई आणि मी मिळून कॅन उतरवून भिंतीच्या सावलीत ठेवले. सायकल उलटी केली. नंबर पायडलच्या आसाच्या नळीखाली ठोकलेला असतो आणि तिथे कायम चिखल नि ग्रीस बसलेलं असतं. चावीने खरवडलं, मामांनी पटक्याच्या टोकाने पुसलं. मी एकेक आकडा वाचत गेलो, शिपाई पावतीवर बोट ठेवत गेला. शेवटचा आकडा जुळला तेव्हा मामांनी हात जोडले. ते मला बघवेना.

घर क्रमांकाच्या रकान्यात मी पंचायतीच्या पावतीचा नंबर लिहिला, शेजारी 'हद्दीबाहेर, नंबर समक्ष पाहिला' असा शेरा मारला आणि खाली सही केली. त्या सहीबद्दल पुढे माझ्याकडे लेखी खुलासा मागितला गेला. तो मी दिला.

काढून घेतलेले व्हॉल्व्ह सगळे एकाच डब्यात. त्यातून बसेल असा शोधून हवा भरेपर्यंत साडेबारा झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जायच्या आधी मी नाक्यावर जाऊन उभा राहिलो. मामा आले. हँडलखाली दोन्ही बिल्ले होते.

"काल रतीबवाल्यांनी घेतलं का दूध?"

"एका कॅनाचं घेतलं," ते म्हणाले. "दुसरं पुलावनं वतलं."