तुम्ही विचारलंत म्हणून: संमोहनानं इसब जातं का?

प्रश्न बहुतेक असाच येतो. "परीक्षा आली, धंद्यात पैसे अडकले, घरात वाजलं, की मानेमागचं इसब उठतं. संमोहनानं जाईल का?" इसब जाणार नाही, खाजवणं कमी होईल. पण ज्याची रात्रीची झोप खाजेनं मोडते, त्याच्यासाठी एवढंही फार मोठं आहे.

ताण आला की त्वचेतल्या मज्जातंतूंच्या टोकांतून काही रसायनं सुटतात, आसपासच्या पेशी चिडतात आणि खाज सुटते. नखं लागली की वरचा थर फाटतो, ओल टिकत नाही, कातडी कोरडी पडते आणि पुन्हा खाज येते. महिनोन्‌महिने हे चाललं की तिथली कातडी जाड, काळपट होते, तिच्यावरच्या रेघा ठळक दिसतात. मग ताण नसतानाही हात तिथे जातो. टीव्ही बघताना, फोनवर बोलताना, झोपेतसुद्धा. नकळत जाणाऱ्या या हातावर संमोहन काम करतं.

त्याआधी निदान हवं, आणि इथे आम्ही जराही सवलत देत नाही. सिव्हिल हॉस्पिटलच्या त्वचारोग ओपीडीत किंवा आपल्या त्वचारोगतज्ज्ञाकडे एकदा दाखवाच. रात्री खाज वाढते, बोटांच्या बेचक्यांत पुळ्या आहेत आणि घरातले इतरही खाजवताहेत, तर ती खरूज असू शकते. तिला औषध लागतं, तेही घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी. गोल कडांचा नायटा वेगळाच. त्यावर दुकानातून आणलेलं स्टेरॉइडमिश्रित मलम लावलं की त्याचं रूप बदलतं आणि तो पसरत जातो. रंगखात्यात किंवा सिमेंटात काम करणाऱ्याच्या हातांवरचं इसब त्या रसायनांमुळे असेल, तर पॅच टेस्ट (संशयित पदार्थ पाठीवर चिकटवून बघायची तपासणी) करून कारण शोधायचं आणि हात त्यापासून वाचवायचे. यातलं काहीही डोळे मिटून बसल्यानं बरं होत नाही.

निदान झालं, मलम सुरू झालं, मग संमोहन. पहिल्या भेटीला तास-दीड तास लागतो. खाज शून्य ते दहाच्या मापात किती, कुठल्या वेळी, हात आधी कुठे जातो, हे सगळं लिहून घेतलं जातं. मग नजरेच्या थोडं वर एका ठिपक्याकडे बघायचं, श्वास सावकाश सोडायचा, पापण्या जड झाल्या की मिटू द्यायच्या. मनातल्या मनात दहा पायऱ्या उतरायच्या. शुद्ध हरपत नाही. बाहेर रिक्षा वाजली तर ऐकू येते, नको वाटलं तर डोळे उघडता येतात.

पुढचा भाग महत्त्वाचा. मे महिन्यात सोलापूरचा पारा त्रेचाळीसच्या वर गेलेला असताना माठाला तळहात लावून बघा. बाहेरून पाझरलेली ओल, मातीचा खरबरीतपणा, आधी बोटांच्या टोकांना आणि मग मनगटापर्यंत चढणारा गारवा. संमोहनात आधी हाच गारवा हाताला आणायचा, हात गार नि थोडा बधिर वाटेपर्यंत थांबायचं, मग तो हात मानेवर अलगद टेकवून गारवा तिथे उतरू द्यायचा. घाई केली, तीन-चार मिनिटं दिली नाहीत, तर नुसती कल्पना राहते, जाणवत काही नाही. थंडीनं ज्यांच्या अंगावर पित्त उठतं त्यांना माठ चालत नाही. त्यांच्यासाठी वाऱ्याची झुळूक, धुवून मऊ झालेलं धोतर, त्यांना स्वतःला जे सुखाचं वाटतं ते घ्यायचं.

सूचनेचे शब्दही जपून निवडावे लागतात. "खाज येणार नाही" म्हटलं की मन खाजच शोधू लागतं. "इथली कातडी गार आहे, सैल आहे, हात तिथे आला तर तळवा टेकवून थांबेल" हे चालतं. आणि सूचना ज्या भाषेत आईनं निजवलं त्या भाषेत हवी. सोलापूरच्या पूर्व भागातल्या पद्मशाली घरात तेलुगू, अक्कलकोटकडच्या कित्येकांना कन्नड. मराठी उत्तम येत असलं, तरी अर्धवट झोपेतल्या हाताला घरची भाषा लवकर कळते.

साधारण आठवड्याला एक अशा चार ते आठ बैठका होतात. खरं काम घरी असतं. थेरपिस्टच्या आवाजातलं दहा-पंधरा मिनिटांचं रेकॉर्डिंग रोज झोपण्यापूर्वी ऐकायचं, गाडी चालवताना कधीच नाही. दिवसा हात मानेकडे निघाला की मूठ मिनिटभर आवळायची किंवा तळव्यानं दाबायचं, नख लावायचं नाही. अंघोळ कोमट पाण्यानं, पाच-दहा मिनिटांत उरकायची, अंग टिपून ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावायचं. अंगभर इसब असलेल्या मोठ्या माणसाला ते आठवड्याला अडीचशे ते पाचशे ग्रॅम लागतं. बहुतेक जण छोट्या ट्यूबवर महिना काढतात, मग म्हणतात गुण नाही. स्टेरॉइड मलम मात्र बेतानं: बोटाच्या शेवटच्या पेरावर पिळलेली रेघ, म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. आणि नवी सोलापुरी चादर थेट कातडीवर घेऊ नका. खाली जुन्या सुती साडीचा पदर असू द्या.

बिघडतं ते बहुधा एकाच ठिकाणी. चार रात्री नीट झोप लागली की माणूस औषध बंद करतो. सोरायसिसमध्ये, म्हणजे खवले सुटणाऱ्या चट्ट्यांच्या दुसऱ्या त्वचारोगात, चालू असलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या अचानक थांबवल्या तर अंगभर पू-पुळ्यांचा भडका उडू शकतो. औषध कमी करायचं ते डॉक्टरांनीच.

पुराव्याबद्दलही विचारता. 1952 साली मेसन या डॉक्टरांनी जन्मतः जाड, खवल्यांची कातडी असलेल्या मुलात संमोहनानं झालेला फरक ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडला. ती एका रुग्णाची नोंद आहे. 1999 मध्ये सोरायसिसवर झालेल्या अभ्यासात 11 रुग्ण होते, आणि जे संमोहनात सहज जातात त्यांना जास्त फायदा दिसला. म्हणजे आशेला जागा आहे, हमीला नाही. "तीन बैठकांत मुळासकट" म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. मागच्या जन्मात कारण शोधू असं म्हणणाऱ्याकडे तर अजिबातच नको. मनोविकारतज्ज्ञ किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बघा आणि नोंदणी क्रमांक मागायला संकोचू नका. भास होत असतील, फिट येत असतील, तर ते पहिल्याच भेटीत सांगा.

पित्त उठताना ओठ किंवा जीभ सुजली, श्वास लागला, तर रेकॉर्डिंग लावत बसू नका. 108 ला फोन करा.