आईचा अंगठा मशीनवर उठेना

रेशनच्या ई-केवायसीत, म्हणजे कार्डावरच्या प्रत्येकाची आधारवरून ओळख पटवण्यात, आमचे तीन महिने गेले. आठवलं की अजूनही राग येतो.

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात. केशरी कार्ड, प्राधान्य कुटुंब, माणसं चार. माझा, बायकोचा आणि मुलीचा अंगठा दुकानात पाच मिनिटांत झाला. अडली ती आई.

आईनं चाळीस वर्षं विड्या वळल्या. मांडीवर सूप, कात्रीनं कापलेलं पान, चिमूटभर तंबाखू, वर दोऱ्याचा वेढा. पान गुंडाळायचं आणि टोकं मुडपायची ती अंगठ्यानंच. त्या अंगठ्यावर आता रेघच राहिलेली नाही. दुकानदारानं ओल्या फडक्यानं पुसून दहाही बोटं लावून बघितली, एकही जुळलं नाही. तो म्हणाला, पुरवठा कार्यालयात जा. तिथं सांगितलं, आधार अपडेट करून आणा. आधार केंद्रावर सकाळपासून टोकन घेऊन बसलो, तर तिथले म्हणाले, मावशींची बोटंच येत नाहीत, कार्यालयातून काय ते लिहून आणा. परत कार्यालयात गेलो. लिहून द्यायची पद्धत नाही, पुढच्या महिन्यात बघू! अशा तीन खेपा झाल्या. गुडघे धरून जिना चढणाऱ्या आईला एकदाही कुणी खुर्ची दिली नाही. घरी येताना ती म्हणाली, "जाऊ दे रे, माझं नाव काढून टाक." ते मला फार लागलं.

तोवर पावतीवर २० किलोऐवजी १५ किलो यायला लागलं. आमच्यासारख्या घराला महागाईत खरा आधार आहे तो माणशी पाच किलोचा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं तो हक्क दिलाय आणि जानेवारी २०२३ पासून ते धान्य मोफत आहे. ज्या कामानं बोटं झिजली, त्याच कामामुळं धान्य तुटावं, हे मला पटत नाही.

वाट सापडली ती शेजारच्या पोराकडून. 'मेरा ई-केवायसी' ॲप आणि सोबत आधारचं चेहरा ओळखणारं फेस आरडी ॲप घ्यायचं, लोकेशन चालू ठेवायचं, राज्य निवडायचं. आधार नंबर टाकला की ओटीपी येतो, मग चेहरा दाखवायचा. आईला दारात उजेडाकडे तोंड करून बसवलं, डोळे मिचकाव म्हटलं. दुसऱ्या खेपेला झालं. मला रडूच आलं.

हो, त्याआधीचं एक सांगायचं राहिलं. ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर येतो, आणि आईचा नंबर वडिलांच्या बंद पडलेल्या सिमचा होता. तो बदलायला पुन्हा आधार केंद्र गाठलं. या वेळी मीच आग्रह धरला, बोटं सोडा, बुबुळं घ्या. ती लगेच जुळली. तुम्ही नंबरचं काम आधी उरका. दुकानातल्या मशीनला बुबुळाचा स्कॅनर असेल तर तोही मागा, आपणहून कुणी काढत नाही. आणि नाव कमी करायच्या अर्जावर काही झालं तरी सही करू नका. तक्रारीसाठी १९६७ हा नंबर आहे.

पुढच्या महिन्याची पावती आईनं स्वतः हातात घेतली. २० किलो. पिशवी मी उचलली, पावती तिनं कमरेच्या बटव्यात ठेवली.