दारात उभा ट्रक आणि सोलांचा व्यवहार : माझा अनुभव

आमचं घर गोव्यात, डिचोली तालुक्यात, सांखळीच्या पलीकडे. खाणपट्ट्यातल्या बऱ्याच घरांसारखंच, म्हणजे खाणीवरचं लोहखनिज वाहायचा एक ट्रक, त्या ट्रकावर कर्ज, आणि ट्रक चालला तर घर चाललं. 2012 ला खाणी पहिल्यांदा बंद झाल्या तेव्हा ट्रक माझ्या मोठ्या दिरांचा होता त्यामुळे आम्हाला झळ तेवढी लागली नाही, नंतर परत काम सुरू झालं तसा ह्यांनी स्वतःचा घेतला, आणि मग 7 फेब्रुवारी 2018 ला सुप्रीम कोर्टाने खाणींच्या 88 लीज रद्द केल्या, 16 मार्चपासून सगळंच ठप्प. निकाल बरोबर की चूक ह्यावर आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत अजून भांडणं होतात, मी त्यात पडत नाही, शेतात खाणींचा लाल चिखल उतरलेला पण आम्हीच बघितलाय. मला सांगायचंय ते नंतरच्या दोन-तीन वर्षांचं, पैशांऐवजी वस्तूंची अदलाबदल करून स्वयंपाकघर कसं चाललं त्याचं. ट्रक दारात, बँकेचा हप्ता 18 हजार, मोठी मुलगी नववीत.

सुरुवातीला सगळे करतात तेच आम्ही केलं. केबल काढली, बाहेर खाणं बंद, वाण्याकडची वही बंद. वही बंद करणं मात्र कामाचं ठरलं, कारण वहीवर माणूस बिस्कीटचे पुडे पण उगाच घेतो, रोख द्यायचे तर हात आखडतो. बाकी चहात साखर कमी, ह्यांचा पेपर बंद वगैरेतून महिन्याला किती वाचतात ते हिशोब करून बघा, हसू येईल. घरात सगळे चिडचिडे होतात ते वेगळंच.

खरा पैसा जात होता गॅस, तेल आणि मासळीवर. गॅसचं सोपं होतं. परसात माड आहेत, चुडतं, म्हणजे माडाच्या झावळ्या, पडून कुजायची, करवंट्या आम्ही चक्क फेकून द्यायचो. आंघोळीचं पाणी, उकडा तांदूळ शिजवणं आणि कडधान्य हे तिन्ही चुलीवर नेलं तर सिलिंडर जवळपास दुप्पट दिवस पुरायला लागला. न्हाणीतलं पाणी तापवायचं जुनं तांब्याचं भाण सासूबाईंनी चिंच लावून घासून दिलं, त्यांना तर आनंदच झाला, गीझर त्यांना कधी पटलाच नव्हता.

तेलाचं पण तसंच. नारळ विकायचे आणि त्या पैशांनी पाकिटातलं तेल आणायचं असा आमचा उद्योग होता. मग बारके आणि चिरलेले नारळ बाजूला ठेवून फोडले, वाट्या उन्हात कडकडीत वाळवल्या आणि घाण्यावर नेल्या. खोबरं नीट वाळलेलं असेल तर दहा किलोमागे सहा किलोच्या आसपास तेल निघतं, ओलसर राहिलं तर तेल कमी आणि वर खवट वास. घाणेवाल्याकडे पैशांऐवजी पेंड ठेवायची बोलणी केली, त्याच्या म्हशी होत्या, तो लगेच तयार झाला. आमच्या घरातला हा पहिला बिनपैशाचा व्यवहार.

त्यावरून डोक्यात आलं की असं अजून कुणाशी जमेल. पण वाड्यावर फिरल्यावर कळलं की एकाच गावात अदलाबदल फारशी होत नाही. मे महिन्यात माझ्याकडे फणस तर शेजारणीकडेही फणस, कुणाला देणार? उलट तीच तुमच्या दारात अर्धा कापा ठेवून जाते आणि तुम्ही तो खपवायचा कसा ह्या चिंतेत. ज्याच्याकडे ती वस्तू नाही त्याच्यापर्यंत ती गेली पाहिजे, आणि जाईपर्यंत टिकली पाहिजे. हे लक्षात आलं तेव्हा मी भिरंडांकडे, म्हणजे कोकमांकडे, वळले.

आमच्या डोंगराकडच्या बाजूला भिरंडाची झाडं बरीच, फळं खाली पडून लाल सडा. माझं माहेर पेडण्यात, मांद्र्याच्या बाजूला, समुद्राकडे. तिथे रोजच्या हुमणात, म्हणजे मासळीच्या आमटीत, सोलं लागतात, म्हणजे भिरंडाची वाळवलेली सालं. आणि आमच्याकडे लागते मासळी, खासकरून पावसात, 1 जून ते 31 जुलै ट्रॉलर बंद असतात तेव्हा जी काय ताजी मासळी येते तिचा भाव विचारूनच पोट भरतं. म्हणून तर मे महिन्यात पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरायचं, खारे बांगडे, सुकी सुंगटं (कोळंबी), गालमो (बारीक सुका जवळा). ते विकत घ्यायचं तर एकाच महिन्यात मोठी रक्कम हातात हवी, आणि नेमकी तीच नव्हती.

माहेरच्या शेजारी एक मावशी आहे, सुकी मासळी करून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बसते. तिला आईकडून विचारलं. ती म्हणाली, "बाय, सोलं काळी आणि मऊ असतील तर आण, कडकडीत पापड झालेली मला नको."

मग सोलांवर मी खरंच जीव ओतला. फळं धुवून कापायची, साल वेगळी, आतला गर बियांसकट मीठ घालून बरणीत, त्याला रस सुटतो. सालं दिवसभर उन्हात, संध्याकाळी त्या खारट रसात बुडवून ठेवायची, सकाळी परत उन्हात, असं चार-पाच वेळा. बोटात वाकवली तर मोडता नयेत आणि बोटाला चिकटताही नयेत, तिथे थांबायचं. नखं महिनाभर जांभळी. मध्येच वळवाचा पाऊस आला की आम्ही सगळे अंगणात धावायचो, दारातल्या ट्रकाच्या हौद्यात ताडपत्रीखाली सुपं ठेवायचो, म्हणजे ट्रक अगदीच बिनकामाचा नव्हता म्हणा. उरलेल्या खारट रसाचं आगळ, सोलकढीला लागतं ते. बिया राखेत घोळून, धुवून वाळवल्या की त्यांचं भिरंडेल, म्हणजे कोकमाचं तेल, काढता येतं, पायाच्या भेगांना दुसरं काही लागत नाही. ह्या सगळ्याला जाडं मीठ भरपूर लागतं, ते आई आगरवाड्याच्या मिठागरातलं घेऊन ठेवायची आणि मी त्या बदल्यात आगळाच्या बाटल्या.

शुक्रवारी सकाळची बस धरून म्हापशाला पिशव्या घेऊन जायचे. भाव कसा ठरवायचा हा प्रश्न होताच. दोघींनाही बाजारातला त्या दिवसाचा दर पक्का माहीत, पण तोंडाने आकडा कुणीच काढत नव्हतं. मावशी सोलांची पिशवी हातात तोलायची, एक सोल दाताखाली धरायची, आणि बांगडे मोजायला लागायची, मोजून झाले की वर मूठभर सुंगटं टाकायची. मला कमी वाटलं तर मी नुसती उभी राहायचे. मग अजून एक मूठ. घासाघीस अशीच, बिनबोलता.

पावसात त्या सुंगटांचं किसमूर, म्हणजे खोबरं घातलेली सुकी कोशिंबीर, आणि वर सोलकढी, मुलांनी कधी तक्रार केली नाही. सासूबाईंनी केली, की सून माहेरी माल पाठवते. मी त्यांना एकदा बरोबरच नेलं म्हापशाला. पुढच्या वर्षी सोलं त्याच बुडवत होत्या.

चतुर्थीला तर हा व्यवहार अजून चालला. गणपतीच्या डोक्यावर फळाफुलांची माटोळी बांधतात, तिला लागणारं रानातलं सामान, शेरवड, कांगणी, आंबाडे, सुपारीची शिपटी, आमच्याकडे मुलं डोंगरावर जाऊन फुकट आणतात, माहेरच्या बाजूला मात्र तेच लोक म्हापशाच्या माटोळी बाजारात चढ्या भावाने घेतात. गोणी भरून पाठवली. बदल्यात काही मागायचं नाही, सणाचं आहे, असं मीच ठरवलेलं. पण दिवाळीच्या आधी खाऱ्या बांगड्यांचं एक पुडकं न मागता आलं.

मुलीच्या दहावीच्या गणिताचं पण असंच जमलं. शिकवणीचे सर बाहेरगावचे, सांखळीत फ्लॅटमध्ये भाड्याने, त्यांच्या घरी ना माड ना केळ. फ्लॅटवाल्यांशी अदलाबदल सगळ्यात सोपी हो, त्यांना सगळंच विकत घ्यावं लागतं. महिन्याला नारळ, केळी, तेलाची बाटली आणि अळसांदे (चवळी), आणि फी अर्धी. पूर्ण माफ करायला ते तयार होते, मीच नको म्हटलं, कारण फुकट शिकवणीत मुलगी दोनदा शंका विचारायला लाजली असती. दहावीची पुस्तकं पुढच्या वाड्यावरच्या मुलीची मिळाली, त्या बदल्यात तिला आमच्या मुलीचे ड्रॉइंगचे रंग आणि बोर्ड.

आता जिथे जमलं नाही ते पण सांगते. वायरमनला नारळ नको होते, त्याला रोखच हवी, बरोबर आहे, त्याच्याही घरात हप्ते असणार. डॉक्टर, वीजबिल, बँक, ह्यांना सोलं चालत नाहीत. म्हणून गृह आधारचे, म्हणजे गृहिणींसाठीच्या सरकारी योजनेचे, महिन्याला दीड हजार यायचे ते मी अजिबात घरखर्चात घातले नाहीत, ते फक्त रोख लागेल तिथे. आणि हप्ता काही ह्यातून फिटला नाही, कुणी तसं समजू नका. हप्त्याला ह्यांनी दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हरकी केली, शेवटी ट्रक मिळेल त्या किमतीला विकला. माझ्या सोलांनी एवढंच झालं की त्यांच्या पगारातून स्वयंपाकघराला फार काही द्यावं लागलं नाही.

आणखी एक. नात्यात अदलाबदल करायची तर देवाणघेवाण त्याच आठवड्यात पुरी करा. माझ्या एका नणंदेला मी लोणच्यासाठी कैऱ्या दिल्या होत्या, बदल्यात नाचणी ठरलेली, ती नाचणी आज येईल उद्या येईल करता करता आम्ही दोघी वर्षभर नीट बोललो नाही. मावशीशी असं कधीच झालं नाही, ती परकी होती ना.

आता मुलगी नोकरीला आहे, हाताला थोडी ऊब आहे, तरी म्हापशाची पिशवी बंद केलेली नाही. हल्ली व्यापारी दारात येऊन सोलं रोख पैसे देऊन उचलतात, मुलगी म्हणते सगळीच विकून टाक, सुकी मासळी दुकानातून आण, तुझा बसचा फेरा वाचेल. हिशोबाने तिचं खरं असेल. सध्या अर्धी व्यापाऱ्याला आणि अर्धी मावशीला असं चाललंय, आणि मावशीने यंदा निरोप दिलाय की सोलं कमी केलीस तर चालेल पण आगळ दुप्पट आण, काचेच्या बाटलीत, प्लास्टिकच्या नको.