रोमन काळात मारेकऱ्यांचा गुप्त पंथ होता का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. व्हिडिओ गेममध्ये असतो तसा, खुणेच्या अंगठ्या घालणारा, पिढ्यान्‌पिढ्या टिकलेला मारेकऱ्यांचा पंथ रोममध्ये होता का? नव्हता. का नव्हता ते इ.स. 65 मधल्या रोमन सम्राट नीरोविरुद्धच्या कटात नीट दिसतं.

बेत सर्कसमधल्या, म्हणजे रथशर्यतींच्या मैदानातल्या, खेळांच्या वेळचा होता. कटवाल्यांपैकी लॅटरानस अंगापिंडाने दणकट, म्हणून त्याने अर्ज करायच्या मिषाने नीरोच्या गुडघ्यांना मिठी मारून त्याला खाली पाडायचं. पहिला वार करायचा मान स्काएविनस या दुसऱ्या कटवाल्याने मागून घेतला होता. त्यासाठी देवळातून एक खंजीरही आणला होता. आदल्या दिवशी या गृहस्थाने मृत्युपत्रावर मोहोर उठवली, खंजीर बोथट झाला म्हणून कुरकुर करत तो मिलिकस या आपल्या मुक्त केलेल्या गुलामाकडे धार लावायला दिला, नेहमीपेक्षा थाटाची पंगत घातली, लाडक्या गुलामांना मुक्त केलं आणि जखमेच्या पट्ट्या तयार ठेवायला सांगितलं. आता यात ओळखायचं काय उरलं? मिलिकसच्या बायकोचा हिशेब रोकडा होता: हे घरातल्या बाकीच्यांनीही पाहिलंय, तू गप्प राहून कट लपणार नाही, बक्षीस मात्र आधी सांगेल त्यालाच. उजाडताच मिलिकस नीरोच्या दारात उभा!

श्रीमंत रोमन माणूस घरात एकटा नसायचाच. टोगा (अंगाभोवती गुंडाळायचं रोमन वस्त्र) नेसवायला गुलाम, पत्र लिहायला गुलाम, रात्री रस्त्यात दिवा धरायला गुलाम. अशा घरात गुपित फार दिवस टिकत नाही, मग पंथ कुठला टिकायला?

इ.स.पू. 44 मध्ये रोमचा सत्ताधीश ज्युलियस सीझरला मारणाऱ्यांनी हे बरंच ओळखलं होतं. साठाहून जास्त माणसं, पण शपथविधी नाही, सगळ्यांची एकत्र बैठक नाही. दोघं-चौघं एकमेकांच्या घरी भेटायचे. तरीही बातमी फुटलीच. आर्टेमिडोरसने लिहून दिलेला इशारा सीझरच्या हातात होता, गर्दीत वाचायचा राहिला. प्रत्यक्ष कामाची वाटणी चोख होती: ट्रेबोनियसने सीझरचा साथीदार अँटनीला बाहेर बोलण्यात गुंतवायचं, टिलियस किंबरने अर्जाच्या निमित्ताने टोगा ओढायचा, मग कास्काचा वार. पुढे मात्र गोंधळ. इतके हात एकाच अंगावर तुटून पडल्यावर कटातल्या ब्रूटसच्याच हाताला जखम झाली. सीझरच्या अंगावर 23 घाव, आणि वैद्य अँटिस्टियसच्या मते त्यातला एकच, छातीवरचा, जीवघेणा. रंगीत तालीम झाली नसावी, असंच वाटतं.

पंथाच्या सगळ्यांत जवळ जातात ते जेरुसलेमचे सिकारी, म्हणजे इ.स. 50 च्या दशकातले रोमविरोधी ज्यू बंडखोर. सणाच्या गर्दीत कपड्याआड आखूड सुरा घेऊन शिरायचं, भोसकायचं, आणि माणूस कोसळला की आपणही सगळ्यांबरोबर बोंब ठोकायची. पळायचं नाही, कारण पळणारा पकडला जातो. पहिला बळी मुख्य पुरोहित योनाथान. पुढे त्यांनी मंदिराच्या नायकाचा कारकून पळवून त्याच्या बदल्यात आपले दहा कैदी सोडवले, आणि ही युक्ती लागू पडल्यावर तिचा धंदाच केला. पण हे रोमचे शत्रू, आणि मारायचे बहुतेक आपल्याच लोकांना.

रोम शहरात मारण्याची विद्या पद्धतशीर शिकवली गेली ती राजाश्रयाने. इ.स. 55 मध्ये नीरोने आपला सावत्र भाऊ ब्रिटानिकस याच्यासाठी, विषप्रयोगाबद्दल आधीच दोषी ठरलेल्या लोकुस्ता या बाईकडून विष घेतलं. पहिल्या मात्रेने नुसते जुलाब झाले. नीरोने तिला चोपलं, आपल्यासमोर पुन्हा विष उकळायला लावलं आणि करडावर चाचणी घेतली. ते पाच तास जगलं, म्हणून आणखी आटवलं. डुक्कर जागीच मेलं. आता अडचण ब्रिटानिकसचं खाणंपिणं आधी चाखणाऱ्या नोकराची होती. पेय निर्धोक पण कढत ठेवलं, त्याने चाखलं, ब्रिटानिकसने गरम म्हणून परत केलं, आणि निववायला घातलेल्या गार पाण्यातून विष गेलं. बक्षीस म्हणून लोकुस्ताला माफी, जमिनी आणि शिकाऊ शिष्य मिळाले. नीरोनंतर गादीवर आलेल्या गॅल्बाने तिला मृत्युदंड दिला.