सहाव्या ब्लॉकचा पाठपुरावा: जुनी हायब्रिड, मुक्काम अंबाजोगाई

आमच्या जुन्या हायब्रिड (इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या) गाडीच्या मोठ्या बॅटरीत बिघाड निघाला होता आणि वर्कशॉपनं अख्खा पॅक बदलायला सांगितला होता, त्याचा हा पुढचा भाग. आधी निकाल सांगतो. बॅटरीचा पूर्ण पॅक बदलावा लागला नाही. घाटात जोर पडल्यावर सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी व्होल्टेजच्या ब्लॉकमध्ये १.३ व्होल्टचा फरक पडत होता, तो आता ०.३ वर आलाय. डॅशबोर्डवरचा धोक्याचा तांबडा त्रिकोण परत उगवलेला नाही.

ज्यांनी मागचं वाचलं नसेल त्यांच्यासाठी: गाडी एमएच-१२ पासिंगची, पुण्यातून घेतलेली. मॉडेलचं नाव लिहीत नाही, कारण जे काही निघालं ते वयाचं आणि हयगयीचं आहे, कंपनीचं नाही. बॅटरी निकेल-मेटल हायड्राइड, २८ मॉड्यूल (म्हणजे आतल्या सुट्या बॅटऱ्या), प्रत्येक ७.२ व्होल्टचं, म्हणजे एकूण २०१.६ व्होल्ट. दोन-दोन मॉड्यूलचा एक ब्लॉक, असे १४ ब्लॉक. गाडीचा कॉम्प्युटर व्होल्टेज ब्लॉकवार मोजतो. गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या साध्या ब्लूटूथ ओबीडी स्कॅनरवर मोबाइलमध्ये ते आकडे चालत्या गाडीत दिसतात. जुनी हायब्रिड बघायला जाताना हा स्कॅनर खिशात असलाच पाहिजे. उभ्या गाडीत सगळे ब्लॉक गुणी दिसतात, खरं रूप चढावर कळतं.

आमचं कळलं ते बीडहून परत येताना, मांजरसुंब्याच्या घाटात. एप्रिलची दुपार, एसी चालू, गाडीत चौघं. निम्म्या चढावर त्रिकोण लागला आणि मोटरचा जोर गेला. स्कॅनरवर बिघाडाचा कोड निघाला पी-झिरो-ए-एटी. त्याचा पुस्तकी अर्थ पॅक बदला. वर्कशॉपनंही तेच सांगितलं, झाकण न उघडता. त्यांच्या जागी ते बरोबर असतील, त्यांना एकेक मॉड्यूल तपासत बसणं परवडत नाही. पण ब्लॉकचे आकडे वेगळंच बोलत होते. तेरा ब्लॉक एका ओळीत चाललेले आणि एकटा सहावा खाली. त्यातही बॅटरीचं तापमान पन्नाशीकडे सरकत होतं आणि बॅटरी गार करणारा पंखा पूर्ण वेगात असूनही ते उतरत नव्हतं. मला त्या कोडपेक्षा या पंख्यानं जास्त विचारात पाडलं.

या पॅकला गार ठेवायला पाणी किंवा कूलंट नाही. तो केबिनमधली हवा ओढतो. मागच्या सीटच्या कडेला त्यासाठी एक जाळी आहे. आधीच्या मालकानं जाड रेक्झिनची कव्हरं बसवून घेतली होती, आणि कव्हरवाल्यानं ती जाळीवरूनच ताणून शिवली होती. वरून बघितलं तर शिलाई इतकी नेटकी की खाली जाळी आहे हे कळतसुद्धा नाही. ब्लेडनं टाके उसवले. पुढं पंखा बाहेर काढला तर पात्यांमधल्या फटी करड्या नमद्यानं गच्च भरलेल्या, त्यात कुत्र्याचे केस, गालिच्याचे धागे. बोटानं ओढला तर अख्खी वळकटी निघून आली. हे सगळं पुण्याचं. आपल्याकडची काळ्या रानाची धूळ तर त्यात अजून पडायचीच होती.

उष्णतेत निकेलची बॅटरी चार्ज नीट घेत नाही आणि घेतलेला आपोआप सोडते. पॅकच्या दोन्ही टोकांना वारा तरी लागतो, मधली मॉड्यूलं मात्र शेजाऱ्यांच्या तापात शिजतात. सहावा ब्लॉक मधल्याच पट्ट्यात येतो, त्यामुळे तो आधी खचला याचं नवल वाटलं नाही.

आता पॅक उघडण्याबद्दल, आणि हे हलक्यात घेऊ नका. महावितरणमधले आमचे दाजी सोबत होते म्हणूनच मी हात घातला. आधी १२ व्होल्टची बॅटरी सोडवली, मग १००० व्होल्टचे रबरी हातमोजे घालून पॅकची जोडणी मधेच तोडणारा नारिंगी सर्व्हिस प्लग काढला. इन्व्हर्टरमधले (बॅटरीची वीज मोटरसाठी बदलून देणाऱ्या डब्यातले) वीज साठवणारे कपॅसिटर रिकामे व्हायला दहा मिनिटं थांबायचं, मग मीटर लावून शून्य बघायचं. अंगठी, घड्याळ, हातातलं कडं आधीच घरात. पण प्लग काढला म्हणजे पॅक मेला असं नसतं. त्याचे फक्त दोन तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्यात धोक्याइतके व्होल्ट जिवंतच असतात. दाजी तर स्पष्ट म्हणाले, "डीसी आहे, गाफील राहायचं नाही. एक हात पाठीमागं ठेवून काम करा." ज्यांच्यासोबत असा जाणता माणूस नाही त्यांनी पंखा साफ करण्यापर्यंतच थांबावं.

मॉड्यूल जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या हिरव्या-काळ्या पडल्या होत्या. आईनं सुचवलं तसं त्या चिंचेच्या कोळात टाकल्या, देवाची भांडी निघतात तशा लख्ख निघाल्या. नंतर साध्या पाण्यानं धुऊन पूर्ण कोरड्या केल्या. परत बसवताना नट अंदाजानं आवळू नका. ५.४ न्यूटन-मीटर म्हणजे फार थोडा जोर आहे, आणि बोल्ट प्लॅस्टिकमध्ये बसवलेला असतो. तो फिरला की मॉड्यूल गेलं.

मग प्रत्येक मॉड्यूलवर हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब दोन मिनिटं लावून व्होल्टेज उतरतं किती ते लिहून काढलं. सत्तावीस जवळपास एकसारखी उतरली. अकरावं मात्र बल्ब लावताच कोसळलं. सहाव्या ब्लॉकमध्ये अकरावं आणि बारावं येतं, म्हणजे हिशोब जुळला. बदली मॉड्यूल भंगारातल्या तशाच पॅकमधून मागवलं. नवंकोरं मुद्दाम टाळलं, कारण म्हाताऱ्या मॉड्यूलांच्या रांगेत ताजं घातलं तर ब्लॉकमधला फरक उलट्या बाजूनं वाढतो. बसवण्याआधी सगळी अधिकला अधिक, उणेला उणे अशी समांतर जोडून रात्रभर ठेवली, म्हणजे पातळी एक होते. रचताना मॉड्यूलं आलटूनपालटून उलटी येतात, आणि दोन्ही टोकांच्या पाट्या आवळल्याशिवाय चार्ज करायचं नाही, नाहीतर मॉड्यूलं फुगतात.

त्या रांगेत बाकीची सत्तावीस त्याच वयाची आहेत, त्यामुळे हा पॅक कायमचा बरा झाला असं मी म्हणणार नाही. पण वारा नीट मिळाला तर तो अजून चांगली साथ देईल असं मला मनापासून वाटतं.

डिक्कीतल्या १२ व्होल्टच्या बॅटरीकडेही लक्ष द्या. अशा हायब्रिडला वेगळा स्टार्टर नसतो, त्यामुळे ती अशक्त झाली तरी "कुर्रर्र" असा इशारा मिळत नाही. थेट डॅशबोर्डवर भलतेसलते दिवे लागतात. आमची सकाळी ११.६ दाखवत होती, आणि ती साधी पाण्याची बॅटरी होती, वायू बाहेर नेणारी नळीही जोडलेली नव्हती. तिथं एजीएमच (आम्ल आतल्या चटईत शोषून धरलेली बंदिस्त बॅटरी) पाहिजे. ती बसवल्यावर निम्मे दिवे विझले.

आणि एसी. याबद्दल मी सगळ्यांना कळकळीनं सांगतो. अशा हायब्रिडचा एसीचा कॉम्प्रेसर बेल्टवर नाही, पॅकच्या विजेवर चालतो, आणि त्याची मोटर कॉम्प्रेसरच्या तेलातच असते. म्हणून तेल ईस्टर जातीचं, वीजरोधक लागतं. साध्या गाडीचं पॅग तेल थोडं जरी मिसळलं तरी इन्सुलेशन उतरतं आणि गाडी वीजगळतीचा कोड देऊन बसते. गॅस भरायला गेलो तर मेकॅनिक नेहमीचाच डबा घेऊन आला. "तेल तेलच असतंय भैय्या, काय होत नसतंय." चांगला कारागीर, हात साफ, पण ही गाडी त्यानं आधी पाहिलेली नव्हती. त्याला कॉम्प्रेसरवरचं लेबल दाखवलं, जास्त व्होल्टची नारिंगी वायर दाखवली. त्यानं डबा ठेवून दिला आणि नंतर स्वतःहून विचारलं की अशी गाडी आली तर कोणतं तेल मागवायचं. आधीच्या गाड्यांचं तेल होज-पाइपमध्ये उरलेलं असतं, म्हणून मशीनची नळीसुद्धा धुऊन घ्यायला लावा.

उन्हात उभी गाडी सुरू केली की आता आधी काचा उघडून भपका बाहेर घालवतो, मग एसी. केबिन गार झाली की पॅकला गार हवा मिळते. शेतरस्त्यावर ट्रॅक्टरमागं असलो तर काचा बंद. पंखा पाडव्याला आणि दिवाळीला उघडायचा ठरवलाय.

पुढचं काम ब्रेकचं आहे. गाडी मोटरनंच वेग आवरते, म्हणून पॅड झिजलेलेच नाहीत, पण न वापरल्यानं मागच्या कॅलिपरच्या (पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना अडकायला लागल्यात. त्या काढून ग्रीस करायच्या, आणि इन्व्हर्टरच्या कूलंटचा छोटा पंपही बघायचा, त्याची घरघर अधूनमधून ऐकू येते. लातूर, परभणी, नांदेडकडं कुणाची निकेल बॅटरीची गाडी असेल तर मे महिन्यातले चढावरचे ब्लॉकचे आकडे आणि बॅटरीचं तापमान कळवा. पुण्या-मुंबईचे आकडे भरपूर मिळतात, आपल्या उन्हातले मिळत नाहीत.